लाल दोरा क्रमांक २१७

४ जून

प्रिय आत्या,

फोन करणार होते, पण तुझी शिस्त माहीत आहे. महत्त्वाचं असेल ते कागदावर. "फोनवर तू नुसतं हं म्हणतेस, कागदावर हं म्हणून भागत नाही," असं मी वसतिगृहात असताना तू सुनावलं होतंस. म्हणून हा कागद.

मला दुसरी नोकरी मिळाली आहे. इथून दोन दिवसांच्या प्रवासावर एक प्रयोगशाळा आहे, कृत्रिम हात बनवते. कोणाचा हात मनगटापासून गेलेला, कोणाचा कोपरापासून. कोणी सुतार, कोणी शाळकरी मूल. प्रत्येकाला वेगळा हात लागतो, आणि तरी सगळे हात एकाच घराण्यातले हवेत, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. त्यांना अशीच बाई हवी होती जिने लिफ्टची झाडं सांभाळली आहेत. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं आहे.

पण आपली लिफ्टची कंपनी सोडत नाही. आमचे मुख्य अभियंता तुला आठवत नसतील, तू निवृत्त झाल्यावर आले. खाली कारखान्यात त्यांना सगळे 'शिक्का' म्हणतात, कारण शिक्का बसल्याशिवाय ते पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाहीत. ते म्हणाले, "जा की. मी कुठे अडवतोय? फक्त झाडाची कारणं भरून दे."

हे पत्र तू बाबांना वाचून दाखवशीलच, तर त्यांच्यासाठी लिहिते. बाबा, आमची लिफ्ट ही एक लिफ्ट नाही, ते एक झाड आहे. केबिन, दोरखंड, ब्रेक हे खोड, ते प्रत्येकीत असतंच. मग फांद्या: दार सरकतं की लोटायचं, यातलं एकच. आरसा हवा तर घ्या, नको तर सोडा. आणि फांद्यांमधून दोरे. हिरवा दोरा म्हणजे हे घेतलं तर तेही घ्यावंच लागेल. लाल दोरा म्हणजे ही दोन कधीच एकत्र नाहीत. आत्याच्या काळी हे झाड भिंतीवर होतं, टाचण्या आणि खरे दोरे लावलेलं. आता संगणकात आहे. विक्रीवाला एका चौकटीवर खूण करतो आणि न जमणाऱ्या चौकटी आपोआप पुसट होतात. या एका झाडातून नऊ हजार प्रकारच्या लिफ्ट निघतात. त्या सगळ्या कोणीच कधी पाहिलेल्या नाहीत.

दोरे चारशे बारा आहेत. प्रत्येकासमोर 'कारण' असा रकाना आहे आणि वर्षानुवर्षं तो कोणी भरलेला नाही. मी तीनशे एकाहत्तर भरले. एक्केचाळीस उरले, त्यातले बरेच तुझ्या हातचे आहेत. यादी सोबत जोडली आहे. खास करून २१७ बघ: मागचं दार आणि सुटकेची बॅटरी (बाबा, वीज गेली की केबिन मजल्यापर्यंत नेते ती), लाल दोरा. त्याच्याखाली फक्त तुझी सही आहे.

माझ्या खोलीची खिडकी अजून चारच बोटं उघडते. पुढे स्क्रू मारून ठेवला आहे, कोणी पडू नये म्हणून. चौथ्या मजल्यावरून गेली सहा वर्षं मी चार बोटं हवा खाते आहे.

तुझी,
टाचणी


१२ जून

टाचणे,

अक्षर बिघडलं आहे. संगणकाने बोटं आळशी होतात.

यादी पाहिली. बत्तीस दोऱ्यांची कारणं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, ती जशीच्या तशी उतरव, सुशोभित करू नकोस. ४३ चं कारण तुला हसायला लावेल. मोठा आरसा असेल तर आतला कठडा लागतोच, कारण कठडा नसलेल्या केबिनमध्ये एका वकिलाने आरशात बघत केस विंचरताना आरशालाच टेका दिला आणि तो आरशासकट खाली बसला. ८८ आणि ८९ एकाच चुकीचे आहेत, ती चूक माझी नव्हे. १५१ मधलं काचेचं केबिन आता आपण बनवतच नाही. दोरा काढून टाका. मेलेल्या फांदीला कशाला बांधून ठेवायचं?

उरलेले नऊ मला नीट आठवत नाहीत, जुने नकाशे बघ. २१७ तसाच राहू दे. केबिनच्या मागे दोन्हीला जागा पुरत नव्हती. एवढं लिही आणि पुढे जा.

नोकरीबद्दल: जायचं तर जा. मला विचारतेस कशाला? माझ्याकडे शिक्का नाही.

तुझ्या बापाला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हातसुद्धा आता झाडाला लागतात वाटतं." संध्याकाळी चहा गार करून प्यायला. त्यावरून काय ते समज.

आत्या


२७ जून

प्रिय आत्या,

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

बत्तीस कारणं भरली. शिक्क्यांनी प्रत्येकावर छाप मारली. वकिलाच्या आरशाशी जरा थांबले, मग तिथेही मारली. नवापैकी पाच मी जुन्या नकाशांतून शोधले.

२१७ चं मात्र जमत नाही. मी तळघरातून त्या वर्षीचे नकाशे काढले, मापं घेतली. केबिनच्या मागे दाराची मोटर बसवल्यावर अकरा सेंटिमीटर उरतात. तेव्हाची बॅटरीची पेटी नऊ सेंटिमीटरची होती. आत्या, जागा पुरते. तू तर अर्धा मिलिमीटर चुकलेला नकाशा फाडून टाकायचीस. तुला दोन सेंटिमीटर दिसले नाहीत, हे मला पटत नाही. नीट आठवून बघ.

आणि दुसरं. "जायचं तर जा" हे तू सहज लिहिलंस, पण माझ्याने सहज वाचवलं नाही. मी जिथे बसून हे लिहिते आहे त्या कारखान्यात तुझी बदली झाली होती, मुख्य आरेखक म्हणून, अकरा माणसांच्या वर. मी दोन वर्षांची होते, आई नुकतीच गेली होती आणि तू बदली नाकारलीस. बाबा ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मी पहिली आले की सांगायचे, नापास झाले की जास्त सांगायचे. "आत्याने तुझ्यासाठी स्वतःची खुर्ची सोडली." मी याच कंपनीत, याच कारखान्यात का आले असेन, याचा तू कधी विचार केलास का? ती खुर्ची रिकामी राहू नये म्हणून.

आता ती मीच सोडून दोन दिवस लांब जायचं, तुम्हा दोघांना त्या घरात ठेवून. मला रात्रंदिवस असं वाटतं की मी काहीतरी उचलून पळते आहे.

जागेबद्दल लिही. चार उरले आहेत.

टाचणी


५ जुलै

टाचणे,

तुझं ते उचलून पळणं वगैरे मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. तू इंजिनिअर आहेस, तसं लिहीत जा.

२१७: जागा असेल तुझ्या म्हणण्याप्रमाणे. पण त्या वेळच्या बॅटऱ्या तापायच्या. दाराच्या मोटरशेजारी ठेवल्या की आणखी तापायच्या. म्हणून दोरा लावला. लिही आणि मोकळी हो.

एकाच दोऱ्याची तीन पत्रं होतात तेव्हा मला वेगळीच शंका येते. तुला जायचंच नाही आणि तू माझ्या सहीमागे लपते आहेस. तसं असेल तर स्पष्ट सांग, मी रागावणार नाही. मात्र दुसऱ्याच्या नकाशात आपली चूक शोधत बसायची सवय वाईट.

तुझा बाप बरा आहे. चष्मा शोधतो, चष्मा डोळ्यांवर असतो.

आत्या


३० जुलै

प्रिय आत्या,

लपते आहे म्हणालीस. तीन आठवडे मी त्यावर विचार केला, म्हणून उत्तराला उशीर.

आता एकच दोरा उरला आहे. २१७. बाकी चारशे अकरांवर छाप आहे. काल मी शिक्क्यांसमोर तुझं दुसरं कारण ठेवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"तापायच्या? त्या वर्षी आपण कोरड्या बॅटऱ्या घ्यायचो. त्या तापत नाहीत."

"मग हा दोरा काढून टाकू?"

"कारण कळल्याशिवाय दोरा काढायचा? उद्या कोणी अडकलं तर?"

"मग कारण नाही असं लिहू?"

"नाही असं कसं लिहिणार? लावला आहे म्हणजे कारण असणार. बाई फार काटेकोर होत्या असं ऐकलंय."

म्हणजे ठेवता येत नाही, काढता येत नाही, मोकळा सोडता येत नाही. मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि लिफ्टचं बटण दाबायच्या ऐवजी भिंतीला टेकून उभी राहिले.

आणखी एक गोष्ट. एका इस्पितळाची मागणी आली आहे. रुग्णाची गाडी पुढून आत, मागून बाहेर, म्हणून मागचं दार हवं. वीज गेली तर रुग्ण मध्येच लटकू नये म्हणून सुटकेची बॅटरी हवी. विक्रीवाल्याने खूण केली, दुसरी चौकट पुसट झाली. तो म्हणाला, "आमच्याकडे हे होत नाही." तू गेल्यापासून सहा वर्षं आम्ही सगळ्या इस्पितळांना हेच सांगतो. तुझ्या वेळी मात्र अशा लिफ्ट बनायच्या. 'खास नकाशा' म्हणून, फक्त तुझ्या टेबलावरून. तळघरात त्यांचा गठ्ठा आहे. मी त्यातले वीस उघडले. साध्या नकाशापेक्षा त्यांत वेगळं काय आहे ते मला सापडलं नाही. मला कळत नसेल.

प्रयोगशाळेने विचारलं आहे, येणार की नाही. मी त्यांना पुढच्या आठवड्यात 'नाही' कळवणार आहे. तू म्हणतेस तसं लपणं असेल तर लपणं. निदान मग एकाच ठिकाणी लपता येईल.

टाचणी


३ ऑगस्ट

टाचणे,

हे पत्र तातडीच्या टपालाने टाकते आहे. प्रयोगशाळेला काहीही कळवू नकोस. आधी वाच.

तुला सापडलं नाही, कारण त्या नकाशांत वेगळं काही नाही. साधाच नकाशा मी पुन्हा काढायचे आणि उजव्या कोपऱ्यात 'खास' लिहायचे. असे चारशेच्या वर काढले. तू वीस उघडलेस आणि 'मला कळत नसेल' म्हणालीस. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मग हा कागद घेतला.

बदलीचा हुकूम मार्चमध्ये आला. मी घरी कोणाला न सांगता एका सुट्टीच्या दिवशी तो कारखाना बघायला गेले. तीन तासांची बस. फाटकाशी उभी राहिले. आत लांबच लांब ड्रॉइंग ऑफिस, काचेतून माना खाली घातलेले पुरुष दिसत होते. पहारेकऱ्याने विचारलं, "कोणाला भेटायचंय?" मी म्हणाले, "चुकून आले." आणि परत फिरले. अडतीस वर्षांची बाई, सोळा वर्षांची नोकरी, आणि एवढं एक वाक्य निघालं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नव्हतं. मी भिंतीवरच्या झाडाला एक लाल दोरा बांधला. मागचं दार आणि सुटकेची बॅटरी. या दोन्ही गोष्टी एकत्र मागणारी इस्पितळं त्या वर्षी सगळ्यांत जास्त होती. मग वर लिहून कळवलं की यापुढे या मागण्यांना खास नकाशा लागेल आणि तो इथूनच, माझ्याच हातून निघू शकतो. साहेबांनी बदली सहा महिने लांबवली. पुन्हा सहा महिने. नंतर विचारायचं थांबले.

म्हणजे कंपनीला सांगितलं की काम सोडत नाही. घरी सांगितलं की पोर लहान आहे, मी जात नाही. तू दोन वर्षांची होतीस, तुझी आई जाऊन चार महिने झाले होते. कोणालाही शंका आली नाही. तुझ्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, तसंच राहू दिलं.

मी तुझ्यासाठी थांबले नाही. मी घाबरले म्हणून थांबले. तू हाताशी होतीस.

हे मी सव्वीस वर्षं कोणाला बोलले नाही, आणि तुझ्या चारशे अकरा कारणांत दोन खोटी कारणं घुसवून अजूनही बोलणार नव्हते. पण तू खुर्ची रिकामी राहू नये म्हणून तिथे बसली आहेस हे वाचलं. त्या खुर्चीवर कोणाचंही ऋण नाही. ऊठ तिथून.

२१७ ला कारण नाही. असंच लिही, माझी सही घाल, आणि हे पत्र लागलं तर शिक्क्यांना दाखव. दोरा काढ. इस्पितळांना त्यांच्या लिफ्ट मिळू दे.

आत्या


११ ऑगस्ट
(पेन्सिलने)

आत्या,

मी लिफ्टमध्ये आहे. चाचणीच्या मनोऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. पोचले आहे, पण दार उघडत नाही. खिशात पेन्सिल आणि पाठकोरे कागद होते, म्हणून लिहिते. सोबत तीन वजनं आहेत, प्रत्येक एका माणसाच्या भाराचं. मिस्त्री त्यांना 'पाहुणे' म्हणतो. तर मी आणि तीन पाहुणे.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी ते शिक्क्यांना दाखवलं नाही. नुसतं सांगितलं की ज्यांनी दोरा लावला त्यांनी लिहून दिलं आहे, तांत्रिक कारण नाही. ते म्हणाले, "मग चाचणी घेऊ आणि छाप मारू." मिस्त्रीने आज सकाळी चाचणीच्या केबिनला दोन्ही बसवलं. मागचं दार आणि बॅटरी. मी म्हणाले, आत मीच बसणार. तुझ्या शब्दावर.

वीज तोडली. बॅटरी जागी झाली, केबिन हळूहळू खाली सरकलं, तिसऱ्या मजल्याला बरोबर लागलं. आणि तिथेच थांबलं. पुढचं दार एक बोटभर सरकलं आणि घट्ट झालं. मागचं हललंच नाही. खिडकी चार बोटं, दार एक बोट. प्रगती म्हणायची.

बाहेरून मिस्त्री बोलतो आहे.

"मॅडम, हवा येते ना?"

"येते."

"मग बसा निवांत. घाई केली तर दोन्ही दारं भांडतील."

"साहेब कुठे आहेत?"

"दार तोडायच्या परवानगीवर शिक्का आणायला गेलेत."

मी त्याला जोडणीचा कागद फटीतून सरकवायला सांगितला. दोघांनी मिळून पाहिला, तो बाहेरून विजेरी धरून, मी आतून. सापडायला वीस मिनिटं लागली.

"आठ नंबरचं टर्मिनल बघा, मॅडम. मागच्या दाराची वायर तिथेच कसलीय, बॅटरीची पण तिथेच."

"एकाच स्क्रूखाली दोन्ही? असं कसं केलं?"

"पाच वर्षांपूर्वी नवी कंट्रोलची पेटी आली तेव्हापासून असंच आहे. दोन्ही कधी एकत्र येतच नाहीत ना. लाल दोरा आहे. मग दोन टर्मिनल कशाला वाया घालवायची?"

कळलं ना तुला? बॅटरी चालू झाल्याचा इशारा मागच्या दाराला 'बंद राहा' म्हणून पोचतो. मागचं दार बंद राहतं आणि पुढचं त्याची वाट बघतं. तू दोरा लावलास तेव्हा त्याला काही अर्थ नव्हता. पण तो आहे असं धरून लोकांनी त्याच्या भरवशावर पेटी बनवली, वायरी टाकल्या, प्रोग्रॅम लिहिला. आता दोरा काढला की माणूस अडकतो. मी अडकले. मी दोऱ्याचं मूळ शोधत बसले, त्याच्यावर पुढे काय उभं राहिलं ते पाहिलंच नाही. ही चूक तुझी नव्हे, माझी. एखाद्या रुग्णाऐवजी मी आत आहे, एवढं बरं झालं.

वेळ आहे, म्हणून तपासून पाहिलं, तुझा राग येतो का. शनिवारी आला होता. रविवारीही. मी नापास झाल्यावर ज्या गोष्टीने रडायचे ती गोष्टच खोटी होती. सोमवारी आठवलं, वसतिगृहात मला ताप आला होता. तू उभ्याने प्रवास करून आली होतीस आणि आल्या आल्या पहिल्यांदा माझ्या वह्यांना पट्टीने समास आखून दिले होतेस. तेव्हा कोणत्या पहारेकऱ्याला घाबरून आलीस?

कारण खोटं होतं, ठीक आहे. पण आठ नंबरचं टर्मिनल खरं आहे. ते मी इथे बसून पाऊण तास बघते आहे.

शिक्के आले वाटतं. पान्ह्याचा आवाज येतो आहे.

टाचणी


१६ ऑगस्ट

टाचणे,

बाहेर आलीस हे तू लिहिलं नाहीस. पाकिटावर टपालाचा शिक्का होता म्हणून समजले. पुढच्या वेळी आधी ते लिही. मी ते पत्र उभ्याने वाचलं.

चाचणीत पहिल्यांदा फक्त वजनं बसवायची, माणूस नाही. हे तुला शिकवायला हवं होतं? आणि माझ्या शब्दावर बसलीस म्हणून फुशारकी मारू नकोस. माझा शब्द सव्वीस वर्षांपूर्वीच्या पेटीपुरता होता.

परवा तुझ्या बापाला सगळं सांगितलं. तो चष्मा शोधत होता. शोधायचं न थांबवता म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझ्या साहेबांचं पत्र घरी आलं होतं. बदली कामामुळे लांबवतो आहोत म्हणून. तू अंघोळीला गेली होतीस, मी वाचलं. परत चिकटवून ठेवलं."

"मग पाहुण्यांना ती गोष्ट का सांगत बसलास?"

"सांगत राहिलो म्हणून तू राहिलीस. गेली असतीस तर पोरीचं आणि माझं काय झालं असतं?"

मी त्याला पुष्कळ बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग चष्मा त्याच्या डोक्यावर आहे हे मी त्याला सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत शोधू दिला.

आत्या


२२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाहेर आले. हे पहिलं वाक्य, तुझ्या हुकमाप्रमाणे. एकूण दोन तास. मिस्त्रीने वजनांना पाणी विचारलं, मग मला.

२१७ चा रकाना भरला. "आठ नंबरचं टर्मिनल दोन्हीला एकच. पेटी बदलेपर्यंत दोरा ठेवावा." नवी पेटी बनवायचं ठरलं आहे, इस्पितळाला डिसेंबरमध्ये लिफ्ट मिळेल. चारशे बारा पूर्ण. मी कार्यमुक्तीचा अर्ज घेऊन शिक्क्यांच्या खोलीत गेले. त्यांनी शिक्का शाईत बुडवला, आणि तसाच हातात धरून बसले.

"तुम्ही आम्हाला फार मोठी गोष्ट दाखवलीत," म्हणाले. "दोऱ्याचं कारण कळून भागत नाही. त्याच्या भरवशावर पुढे काय काय बांधलं गेलं तेही कळलं पाहिजे. दुसरा रकाना हवा."

"कितींना?"

"चारशे बाराला."

"मला एक ऑक्टोबरला हजर व्हायचं आहे, साहेब."

"जा की. मी कुठे अडवतोय? पण जुने आणि नवे, दोन्ही नकाशे वाचू शकेल असं माणूस आणून द्या. माझ्याकडे तरी तुमच्याशिवाय नाही."

मी हसले. खरंच हसू आलं. अडकून मी जे शोधलं त्यानेच पुन्हा अडकले. किमान सहा महिन्यांचं काम आहे. आणि दुखतं ते हे की त्यांचं बरोबर आहे. असे दोरे आणखी असतील, आणि त्यातल्या एखाद्यावर कोणाचा तरी जीव टांगलेला असेल. हे माहीत असून निघून जायचं, तर मग त्या प्रयोगशाळेत कोणाचा हात मी कोणत्या तोंडाने बनवणार?

इथे जुने नकाशे वाचणारं दुसरं कोणी नाही. जाहिरात दिली तरी मिळणार नाही, तसं आता कोणी शिकतच नाही. प्रयोगशाळेला सोमवारी कळवते. या वेळी खरंच. तू मनाला लावून घेऊ नकोस. खोलीला खिडकी आहे, चार बोटं का होईना.

टाचणी


२६ ऑगस्ट

टाचणे,

सोमवारी काहीही कळवायचं नाही.

मी कपाट उपसून बदलीचा हुकूम शोधून काढला. नीट वाचला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच नीट वाचला म्हण हवं तर. त्यावर नंतर जोडलेला कागद आहे: "बदली पुढील सूचनेपर्यंत लांबवण्यात येत आहे." रद्द केली असं कुठेही नाही. दोन्ही कागदांची नक्कल, माझ्या सहीच्या 'खास' नकाशांची खरी हकीकत, आणि मी जुने नकाशे वाचू शकते याचा दाखला असं सगळं कालच तुझ्या मुख्य अभियंत्यांना नोंदणीकृत टपालाने पाठवलं. मी निवृत्त आहे, म्हणून करारावर घ्यायचं तर घ्या, नाहीतर तशीच बसते, असं लिहिलं. त्यांना दुसऱ्या रकान्यासाठी माणूस हवं आहे. निम्मे दोरे मीच बांधले आहेत, सोडवायला दुसरं कोण येणार?

हकीकत वाचून ते नाही म्हणू शकतात. मग मी फाटकाशी येऊन उभी राहीन. या वेळी पहारेकऱ्याने विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलं आहे.

तुझ्या बापाला चहा शिकवते आहे. दोन पातेली जळली. तिसऱ्यात जे झालं ते त्याने स्वतः प्यायलं आणि चांगलं आहे म्हणाला, ती शिक्षा मला पुरेशी वाटली. मी सहा महिने नसणार हे कळल्यावर तो म्हणाला, "सहाच ना?" मी म्हणाले, "पुढील सूचनेपर्यंत."

मी पंधरा सप्टेंबरला पोचते. दोन आठवडे तू मला नवी पेटी आणि तुमचा तो संगणक समजावून दे. हळू सांग, पण एकदाच. टेबल खिडकीपाशी हलवून ठेव, आणि मिस्त्रीला म्हणावं येताना स्क्रू काढायचं हत्यार आण. बाहेर कोणी पडलं तर जबाबदार मी, तसं लिहून देते, त्यावर हवा तेवढा शिक्का मारा. चार मजले जिन्याने चढेन. तुमच्या लिफ्टवर माझा विश्वास नाही.

तू एकोणतीस तारखेच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढ. मी स्टेशनवर येणार नाही. कामाचा दिवस आहे.

आत्या